शेवाळी कासवाची माफी

रविवारी सकाळी सासरे न सांगता दारात येऊन उभे राहिले, तेव्हा तोमोहारू ओगिनो पायजम्यावर लोळत एका जुन्या राक्षसाची अब्रू काढत होता.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून त्याला हा एकच नाद होता. 'दैत्यसंग्राम' नावाच्या कार्डांच्या खेळातलं एखादं जुनं, अडगळीत पडलेलं राक्षसाचं कार्ड उचलायचं, आजच्या खेळात त्याचा काही उपयोग उरलाय का ते तपासायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. मोबाईलवरच्या या सदरात त्याचं नाव होतं 'घुबड पंडित'. दुकानात "ही काच बरी वाटते, की ही?" असं लोण्यासारख्या आवाजात विचारणारा तोमोहारू एकदा घुबड झाला की कोणाची भीडभाड ठेवत नसे. वाचकांना तेच आवडायचं. गुण जितके कमी, तितके वाचक खूश.

"सावाको! अगं, तुझे बाबा!" तो दबक्या आवाजात ओरडला आणि पायजम्यावरच स्वेटर चढवायला धावला.

घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण सासरे असे कधी येत नसत. कियोझो मात्सुनागा हे गृहस्थ सगळी हयात एका राईसकुकरच्या कंपनीत तक्रार विभागात होते. कुठे झाकण बसलं नाही, कुठे भात करपला, की मात्सुनागा काळा कोट घालून, हातात मिठाईची पेटी घेऊन त्या घरी जायचे आणि कंबरेतून वाकायचे. त्या सवयीने ते जावयाशीही गिऱ्हाइकासारखं वागत. कायम 'तुम्ही'. लग्न झाल्यापासून दोघांचं बोलणं हवेपलीकडे गेलं नव्हतं. "बर्फ फार पडलं." "हो, फारच." "मार्चमध्ये कमी होईल." "होईल, होईल." सासूबाई होत्या तोवर मधे बोलायला त्या असायच्या. त्या गेल्यावर मधे नुसतीच संत्र्यांची परडी असायची.

आज मात्र सासऱ्यांनी बूट काढले, रजई घातलेल्या, आतून तापणाऱ्या बुटक्या टेबलाखाली पाय घेतले, परडी बाजूला सारली आणि कोटाच्या आतल्या खिशातून पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून जावयासमोर ठेवलं.

"तुम्हाला या खेळातलं कळतं, असं सावाको म्हणाली होती. हे कार्ड कसं आहे, सांगा."

तोमोहारूने कागद उलगडला. आत शेवाळी कासव होतं. पाठीवर जंगल उगवलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, कोपरे झिजून गोल झालेले. "अरे, हे तर..." म्हणून तो हसायला लागला होता. तेवढ्यात त्याचं लक्ष सासऱ्यांच्या तोंडाकडे गेलं आणि हसू त्याने खोकल्यात घातलं.

"आमच्या विरंगुळा केंद्रात कोणीतरी खोकं भरून कार्डं दिली," सासरे सांगू लागले. "डोकं चालतं राहावं म्हणून तिथल्या बाईंनी आम्हाला खेळ शिकवला. माझ्या वाट्याला हे आलं. हे काही करत नाही. नुसतं बसतं. पण दर खेळीला जरा जरा वाढतं. मी कोणाकडून हरत नाही आता. तो गिइची, मासेवाला, फार चिडलाय. परवा त्याने सगळ्यांसमोर मोबाईल काढला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी एक घुबड पंडित आहे म्हणे."

तोमोहारूने कार्ड घाईने पुन्हा कागदात गुंडाळलं. स्वयंपाकघरात सावाकोच्या हातून झाकण पडलं.

"दहापैकी दीड गुण दिलेत त्याने," सासरे म्हणाले. "लिहितो, हे कार्ड घेऊन खेळणं म्हणजे शर्यतीत कपाट पाठीला बांधून धावणं. ठीक आहे. तो त्याचा विचार. पण पुढे लिहितो..." ते थांबले. चष्मा काढून त्यांनी पुसला. "लिहितो, हे कासव खेळणाऱ्याला एक तर खेळ कळत नाही, नाहीतर घरी त्याची कोणी वाट बघत नसावं."



तोमोहारूला ते वाक्य चांगलं आठवत होतं. त्या वाक्यावर वाचक फार हसले होते.

"सगळे हसले," सासरे म्हणाले. "मीही हसलो. हसायलाच लागतं. पण तोमोहारू, मी जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. स्वतः एकही केली नाही. साधा गार चहा मिळाला तरी नाही. आता मला एक करायचीय. या घुबडाने माझी माफी मागितली पाहिजे. माझी बोटं त्या काचेवर नीट चालत नाहीत. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

आता खरं बोलायची वेळ होती. तोमोहारूने तोंडही उघडलं. पण सासरे रजई सावरून, पाठ ताठ करून इतक्या उत्साहाने मजकूर सांगू लागले होते, की उघडलेल्या तोंडातून "हं, पुढे?" एवढंच बाहेर पडलं.

सासऱ्यांच्या जुन्या मोबाईलवरून तक्रार गेली. त्याच क्षणी तोमोहारूच्या खिशात टिंग वाजलं.

"तुमचाही वाजला," सासरे म्हणाले.

"दुकानातून असेल, बाबा."

"रविवारी?"

"चष्मे काय, रविवारीही फुटतात."

सासरे गेल्यावर सावाको हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्यासमोर बसून मनसोक्त हसली. "आता?"

"आता काय, घुबड माफी मागेल. साधी गोष्ट आहे. दोन ओळी लिहितो, विषय संपला."

त्याने लिहिलं: 'माननीय मात्सुनागा, शेवाळी कासवाच्या वाढीचा नियम मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. गुण दीडवरून अडीच करत आहे. क्षमस्व.'

बुधवारी सासरे हजर. या खेपेला संत्री त्यांनीच आणली होती.

"वाचलंत?" ते चष्मा नाकावर चढवत म्हणाले. "याला माफी म्हणायची? दहापैकी दोन."

"दोन?" तोमोहारूला उगाचच लागलं. "एवढी काही वाईट नाही, बाबा. चूक कबूल केलीय त्याने."

"कुठली चूक? कासवाची! कासवाने तक्रार केलीय का? हे बघा, झाकण नीट बसलं नाही म्हणून कधी माफी मागायची नसते. झाकणाचं कोणाला काय? त्या दिवशी पोरांनी अर्धकच्चा भात खाऊन शाळा गाठली, त्याची मागायची. आमच्याकडे नवीन पोरं हीच चूक करायची. लिहा: 'आपली माफी पोचली. ती चुकीच्या पत्त्यावर आली आहे.'"

टिंग.

"तुमच्या दुकानात फार गर्दी असते," सासरे म्हणाले.

दुसऱ्या माफीला साडेतीन गुण मिळाले. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असं त्यात होतं, आणि 'असतील तर' पाशी सासऱ्यांनी नाक मुरडलं. "म्हणजे याला अजून शंकाच आहे! मी इथे दुखावून बसलोय आणि हा विचारतोय, दुखावलात का!" तिसरी माफी तोमोहारूने जागून, घाम गाळून लिहिली. तिला चार. "लांब आहे. लांब माफी म्हणजे सबब. आणि हा माणूस स्वतःला फार हुशार समजतो, ते लपत नाही."

"तसं नसेल हो, बाबा..."

"तुम्ही त्याची बाजू का घेताय?"

आणि गंमत अशी, की जो तोमोहारू सासरे येणार म्हटलं की हवेचा अंदाज पाठ करून ठेवायचा, तोच आता दुकानातून निघताना वाटेत मासळीचं भजं बांधून घेऊ लागला. कारण सासरे आता बुधवार-रविवार न चुकता येत होते. मजकूर सांगून झाला की जेवत. जेवताना गोष्टी सांगत. एका बाईच्या घरी पाच वेळा वाकल्यावर शेवटी कळलं की कुकर दुसऱ्याच कंपनीचा होता, ही गोष्ट सांगताना तर हसून हसून त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. सावाको आतून बघतच राहिली. आई गेल्यापासून बाबांना असं हसताना तिने पाहिलं नव्हतं. आणि मधेच एकदा, मीठ मागताना, सासरे जावयाला "दे रे जरा" म्हणाले. लगेच "द्या" म्हणून त्यांनी दुरुस्ती केली, पण निघालेला शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

"सांगून टाक त्यांना," त्या संध्याकाळी भांडी विसळताना सावाको म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"आणि मग ते यायचे थांबले तर?"

सावाकोने नळ बंद केला.

हे दोघांतच राहिलं असतं तर निभावलं असतं. पण सदरावर सगळा गाव असतो. वाचकांना या भांडणाची चटक लागली. घुबडाचे चाहते म्हाताऱ्यावर तुटून पडले: 'आजोबा, कासव घेऊन झोपा!' हे वाचून तोमोहारूचं रक्त तापलं. सासऱ्यांच्या वतीने त्याने स्वतःच्याच चाहत्यांची अशी हजेरी घेतली, की सासरे मान डोलवत म्हणाले, "बरं लिहिता हो तुम्ही! आणि त्या घुबडालाही एक ठेवून द्या."

"काय लिहू?"

"तुमच्या मनाने लिहा."

तोमोहारूने मनाने लिहिलं: 'दुसऱ्यांच्या आवडत्या गोष्टींना नावं ठेवून मोठं होता येतं, असं वाटणारा हा एक छोटा माणूस आहे.' पाठवलं. टिंग झालं. संडासात जाऊन त्याने ते स्वतःच्या मोबाईलवर पुन्हा वाचलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. वाचकांनी मात्र ते उचलून धरलं. आता निम्मे लोक कासवाच्या बाजूने होते आणि सगळे मिळून एकच विचारत होते: घुबड समोर का येत नाही?

सासऱ्यांनी संत्र्याची साल नीट फुलासारखी सोलून ठेवली आणि म्हणाले, "लिहा. शुक्रवारी दुपारी विरंगुळा केंद्रात यावं. स्वतः. माफी तोंडाने मागता येत नाही, कंबरेने मागावी लागते. आला नाही, तर त्याला कंबर नाही असं मी समजेन."

टिंग.

या खेपेला दुकानाबद्दल सासरे काही बोलले नाहीत. कंबर नसलेल्या घुबडाच्या कल्पनेवर ते स्वतःशीच खुश होते.

घुबडाने येतो म्हणून कळवलं. दुसरा रस्ताच नव्हता. 'आपली तक्रार जो लिहून देतो, त्याला मी आधी भेटेन,' असं काहीतरी लिहून एखादा दिवस ढकलावा असं तोमोहारूच्या मनात आलं होतं. तेही त्याने लिहून टाकलं, आणि त्यामुळे पुढे घोटाळा झाला. पण ते त्याला तेव्हा कळलं नाही.

शुक्रवारी त्याने दुकानातून रजा घेतली. सावाकोने काळ्या सुटाला इस्त्री केली. मिठाई कुठली न्यायची यावर दोघांचा वाद झाला. बिस्किटं हलकी, त्यांनी माफी पोरकट दिसते. शेवटी यूकान ठरलं, लाल घेवड्याची ती घट्ट गोड लादी. पेटी अशी वजनदार, की दोन्ही हातांनी पुढे करताना माणूस आपोआपच वाकतो.

"बाबांनी दार दाखवलं तर?" तोमोहारूने बूट घालता घालता विचारलं.

"तर बुधवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाईन आणि तू इथे एकटा अंडं उकडून खा," सावाको म्हणाली. मग तिने त्याचा टाय सरळ केला. "जा. नीट वाक."

केंद्राच्या दालनात शिरल्यावर तोमोहारूला कोणी पाहिलंच नाही. सगळे एका टेबलाभोवती गोळा झाले होते. डाव रंगला होता. म्हणजे, डुलक्या घेत होता. गिइची मासेवाला एक कार्ड हातात धरून विचार करत होता. विचार करता करता तो उठला, बाथरूमला जाऊन आला, गुडघ्याला मलम लावलं, पुन्हा बसला आणि विचारायला लागला की आता कोणाची खेळी. मधे चहा आला. चहाबरोबर कोणाच्या तरी पित्ताशयाची हकिगत आली. आणि या सगळ्या वेळात टेबलाच्या मधोमध शेवाळी कासव नुसतं बसलं होतं. दर खेळीला सासरे त्याच्या पाठीवर एक काळी सोंगटी ठेवत होते. सोंगट्यांचा डोंगर झाला होता. कासव त्याखाली दिसतही नव्हतं.

तोमोहारू बघत राहिला. त्याच्या दुनियेत डाव तिसऱ्या खेळीला निकालात निघायचा, तेवढ्यात कासवाच्या पाठीवर एखाददुसरी सोंगटी चढायची. इथे डाव जेवणानंतर सुरू होऊन दिवे लागेपर्यंत चालत होता, कारण इथे कोणाला डाव संपवायचाच नव्हता. संपला की उठून घरी जावं लागतं. आणि अशा टेबलावर या कार्डाइतकं चांगलं कार्ड साऱ्या खेळात नव्हतं. आपण कासवाला गुण दिले, तेव्हा टेबल कुठलं ते बघितलंच नव्हतं, हे त्याच्या लख्ख ध्यानात आलं.

"काय चाल करू? कशावर आपटू?" गिइची त्रासून म्हणाला. "हे कासव आहे की हिमालय!"

डाव संपला. सासऱ्यांनी वर पाहिलं. काळा सूट, मिठाईची पेटी, खाली घातलेली मान.

तोमोहारू पुढे झाला. पाय जुळवले. पेटी दोन्ही हातांत धरली आणि कंबरेतून वाकला, मानेतून नाही.

"तुमची घरी कोणी वाट बघत नाही, असं लिहिलं गेलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ते वाचून तुम्हाला सगळ्यांबरोबर हसावं लागलं. त्या हसण्याची मी माफी मागतो."

'असतील तर' नव्हतं. कासवही नव्हतं. तो तसाच वाकून राहिला. पाठीत कळ आली तरी राहिला.

मग वरून सासऱ्यांचा आवाज आला. "म्हणजे तो आला नाहीच. तुम्हाला पाठवलं."

तोमोहारूने मान वर केली. "अं?"

"तक्रार लिहिणाऱ्याला आधी भेटतो म्हणाला होता ना? भेटला, आणि तुमच्याच गळ्यात घातलं. मला वाटलंच होतं. खरा गुन्हेगार कधी येतो का? आमच्याकडे झाकण चुकीचं बसवणारा कारखान्यात डबा खात बसायचा, आणि वाकायला जायचो मी."

"नाही, बाबा. ऐका. घुबड पंडित मीच आहे."

मग सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

"वा! ऐकलंत? 'मीच आहे!' गिइची, ऐकलंस? अरे, हेच! मी प्रत्येक घरी हेच म्हणायचो. 'झाकण मीच बसवलं, बाईसाहेब.' कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं मी! पण म्हणायचं असं, की समोरच्याचा विश्वास बसला पाहिजे. याला कोणी शिकवलंही नाही हो!"

"बाबा, खरंच मी. हा बघा माझा मोबाईल, यात..."

सासऱ्यांनी त्याच्या मोबाईलवर हात ठेवला. "नको. पुरावा काढायचा नाही. पुरावा काढला की माफी कचेरीतली होते. इतकं छान जमलंय, बिघडवू नकोस."

'नकोस' म्हणाले. आणि या वेळी दुरुस्ती केली नाही.

तोमोहारूने पुन्हा तोंड उघडलं. दोनदा उघडलं. पण सासरे तोवर सगळ्यांकडे वळले होते आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "माझा जावई. चष्म्याच्या दुकानात असतो. ज्याचं त्याला काही देणंघेणं नाही, त्याच्यासाठी बघा कसा वाकला!" यूकान कापलं गेलं. गिइचीनेसुद्धा दोन तुकडे घेतले, आणि खाता खाता म्हणाला, "हे दुसऱ्यासाठी वाकायचं काम तू आणखी कोणासाठी करतोस का रे?"

"म्हणजे?"

"माझा दातांचा डॉक्टर. चांगली दाढ काढली त्याने माझी, किडकी तशीच ठेवली. 'वयोमानानुसार' म्हणाला. माफी म्हणून नाही."

"करेल की," सासरे परस्पर म्हणाले. "तोमोहारू, चल."

आणि तोमोहारू डॉक्टर होऊन गिइचीसमोर वाकला. गिइचीने गालावर हात ठेवून माफी घेतली आणि एकदम मोकळा दिसायला लागला. मग एकजण सुनेची तक्रार घेऊन आला. मग कोणाचा शेजारी, ज्याने बर्फ उपसून यांच्या दारात टाकलं होतं. मग महानगरपालिका. सासरे बाजूला जावयाचा ओव्हरकोट हातावर घेऊन उभे होते आणि मधून मधून सूचना देत होते. "टाचा जुळव. हां. सुनेच्या वतीने एवढं खाली नको, हे शेफारतील."

सगळ्यांत शेवटी फुसाए आजी आल्या. लोकरीच्या शालीत गुंडाळलेल्या, हातात यूकानचा न खाल्लेला तुकडा कागदात बांधलेला.

"माझं काही फार नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा ओसाकाला असतो. कामात असतो. फोन करायला जमत नाही त्याला. त्याच्यासाठी जमेल का?"

सासऱ्यांनी काही सूचना दिली नाही.

तोमोहारूने टाचा जुळवल्या आणि वाकला, दिवसभरात वाकला नव्हता इतका. "आई," तो म्हणाला, "फोन केला नाही. चुकलं माझं."

फुसाए आजी दोन पावलं पुढे आल्या. मग हातातला कागदाचा पुडा त्यांनी त्याच्या कोटाच्या खिशात सारला आणि वरून थोपटला.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

सकाळपासून भीतीने तोमोहारूच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. तो तसाच, मान खाली घालून म्हणाला, "हो, आई. पोटभर."